एकशे बाराव्या पानावरचं फूल

फूल काढायचं ठरलं तेव्हा मी पेन्सिलीला टोक करत होते, आणि टोक मोडलं. झालं ते एवढंच. पण छत्तीस वर्षं प्रूफं वाचणाऱ्या बाईचं टोक असं सहजासहजी मोडत नाही, आणि ते मोडल्यावर मी उगाचच समोर बसलेल्या मुलीकडे पाहून हसले. मुलगी कसली, चाळिशीची बाई होती ती. मास्तरांची लेक. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि ती पहिल्यांदाच आमच्या प्रकाशनाच्या ऑफिसात आली होती. तिच्या शेजारी धाकटे मालक पाय हलवत बसले होते. हे थोरल्या मालकांचे चिरंजीव, पन्नाशी उलटली तरी आमच्यासाठी धाकटेच. "बाई," ते म्हणाले, "यंदा पुस्तक सप्ताहाचा विषय आहे लिहिण्याचं स्वातंत्र्य. मास्तरांची कादंबरी पुन्हा काढायची. आणि ते एकशे बाराव्या पानावरचं फूल उडवायचं. त्याच्या जागी मूळ ओळी. वगळलेल्या. कव्हरवर तशी पट्टीच टाकू." मी म्हटलं, "ओळी कुठून आणणार?" तेव्हा लेक माझ्याकडे पाहत शांतपणे म्हणाली, "बाबा म्हणायचे, त्या तुमच्याकडे आहेत. बाईंनी वाचल्यात, म्हणजे त्या कुठे जात नाहीत, असं म्हणायचे."

असं म्हणायचा तो माणूस? मला तोंडात मारल्यासारखं झालं. चांगलं बोलून कोणी तोंडात मारतं का? पण झालं खरं. मास्तर ऑफिसात यायचे तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, नोकरीला लागून वर्षच झालं होतं. ते शाळेतून थेट यायचे, कोपराला खडूची भुकटी. हस्तलिखित त्यांनी शाळेच्याच वह्यांवर लिहिलं होतं, एका बाजूने कादंबरी आणि दुसऱ्या बाजूने मुलांनी सोडवलेली गणितं. पहिलं प्रूफ त्यांनी पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि तिसऱ्याला हात वर केले. "तुम्ही वाचलंत ना? मग माझी सही तुम्हीच ठोका." आमच्याकडे रीत अशी की शेवटच्या प्रूफावर लेखकाची सही झाल्याशिवाय फर्मा, म्हणजे एकत्र छापायची जुळवलेली पानं, मशीनवर चढायचा नाही. आणि गैररीत अशी की पुष्कळ लेखक ती सही माझ्यावर सोपवायचे. कंटाळा म्हणून सोपवणारे असायचे, घाई म्हणून सोपवणारे असायचे. मास्तरांनी विश्वास म्हणून सोपवली. मला तेव्हा त्याचा काय अभिमान वाटला होता! घरी जाऊन आईला सांगितलं होतं. आई म्हणाली, "दुसऱ्याची सही करू नये बाई, हात पोळतो." मी हसले होते.

कादंबरी होती एका शाळेची. शाळेची भिंत पडते, नऊ मुलं तिच्याखाली जातात. हे घडलेलं होतं, मास्तरांच्याच शाळेत. मुलं बांधकामावरच्या मजुरांची, काम संपलं की बिऱ्हाड उचलणाऱ्या माणसांची. वर्तमानपत्रांनी 'नऊ मुलं' असा आकडा छापला आणि दुसऱ्या दिवशी तोही छापला नाही. भिंत बांधणारा शाळेच्या अध्यक्षांचा भाऊ होता. खटला चालू होता, म्हणजे पडून होता. मास्तरांनी कादंबरीत गावाला नाव दिलं नव्हतं, कंत्राटदाराला दिलं नव्हतं, सगळं झाकून लिहिलं होतं. फक्त एकशे बाराव्या पानावर झाकलं नव्हतं. फर्मा मशीनवर चढायच्या दिवशी सकाळी थोरले मालक माझ्या टेबलापाशी आले. ते कधी टेबलापाशी येत नसत, हाक मारायचे. आले आणि म्हणाले, "हा भाग जाणार. मास्तरांना विचारलं, ते नाही म्हणाले. हा नसेल तर पुस्तक नको म्हणाले. आता तुम्ही बघा." मी म्हटलं, "मी काय बघू?" ते म्हणाले, "सही तुमच्याकडे आहे." आणि निघून गेले. मी पंधरा मिनिटं बसून राहिले. मग मला असं वाटलं की थोडक्या ओळींसाठी दोनशे पानांचा जीव घ्यायचा का? अख्खी कादंबरी अंधारात मरू द्यायची का? तेव्हा वाटलं, आणि गंमत म्हणजे अजूनही वाटतं. त्या ओळींवर मी आडवी रेघ मारली, खाली मास्तरांची सही केली, आणि चिठ्ठी जोडून प्रूफ खाली जुळाऱ्याकडे, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणाऱ्याकडे, पाठवलं. पानं आधीच बांधून झालेली होती. मधल्या ओळी काढल्या तर पुढची सगळी पानं फिरवावी लागली असती. म्हणून जुळाऱ्याने तिथे एक फूल टाकलं. शिशाचं, पाच पाकळ्यांचं, लग्नपत्रिकांसाठी ठेवलेलं. मजकुराच्या ऐन मध्यात, ना प्रकरण संपलंय ना काही, एकटंच फूल.

आणि त्या फुलाचं काय झालं सांगू? त्याचं कौतुक झालं. कोणीतरी लिहिलं की शब्द जिथे थिटे पडतात तिथे लेखकाने फूल ठेवलंय. मग दुसऱ्याने त्या फुलातल्या मौनावर दहा पानं खरडली. परिसंवाद झाला, त्यात दोन प्राध्यापक फुलाच्या पाकळ्यांवरून हमरीतुमरीवर आले. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते, मला हसू आवरेना आणि रडूही. मास्तर कुठल्याही समारंभाला आले नाहीत. पुस्तकाच्या प्रती न्यायला तेवढे आले एकदा. माझ्या टेबलापाशी उभं राहून त्यांनी प्रत उघडली, बरोबर त्या पानावर, जणू तिथे आधीच खूण घातलेली होती. पाहिलं. मिटली. मला म्हणाले, "छपाई स्वच्छ आहे." त्यानंतर त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. पत्र नाही, लेख नाही, दुसरी कादंबरी तर लांबच. लोक म्हणायचे, एका पुस्तकाचा लेखक, आटला बिचारा. आटला कसला! मी बांध घातला होता.

वर्षभराने चौकशी आली. दोन माणसं, साधे कपडे, नम्र बोलणं. मूळ हस्तलिखित आहे का, काढलेला मजकूर आहे का. थोरल्या मालकांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि मला म्हणाले, "बाई, कागद ठेवू नका." हस्तलिखित आमच्याकडेच राहिलेलं होतं, आणि रेघ मारलेलं प्रूफ माझ्या खणात होतं. मी दोन्ही फाडली आणि बाईंडिंगवाल्यांच्या खळीच्या बादलीत बुडवली. शाई पाण्यात उतरताना पाहिली मी. जाळणं बरं, निदान क्षणात होतं. हे तासभर चाललं होतं. पण मी मनाशी म्हणत होते, काही बिघडत नाही, माझ्या डोक्यात आहे सगळं, अकरा ओळी, शब्दन् शब्द. आणि होतं की! कंत्राटदार वारला, अध्यक्ष वारले, खटला कसा संपला ते कुणाला कळलंही नाही, आणि हळूहळू दिवस असे आले की त्या ओळींबद्दल बोलता येऊ लागलं. आधी भाचीला सांगितलं. मग नवीन लागलेल्या पोरींना, मग एका लहानशा बैठकीत, मग मोठ्या बैठकीत. माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं होतं तरी काय? टाचणी पडली तरी ऐकू येईल इतके लोक गप्प बसायचे. एकदा एक पोरगा उठून म्हणाला, बाई, तुम्ही म्हणजे चालतंबोलतं पुस्तक आहात. मी घरी येऊन आरशात पाहिलं होतं, खोटं कशाला बोलू?

तर आता लेक समोर बसली होती, आणि तिने पर्समधून वही काढली. "सांगा," ती म्हणाली, "मी उतरवून घेते." मी टोक मोडलेली पेन्सिल खाली ठेवली, डोळे मिटले आणि म्हणू लागले. 'ही भिंत विटांची नव्हती. ती आमच्या गप्प बसण्याची होती, एकावर एक रचलेली. आज ती पडली असं तुम्ही म्हणता, पण ती पडली नाही, ती अजून आपल्या प्रत्येकाच्या घशात उभी आहे.' पुढे कंत्राटदाराचा उल्लेख, पुढे सहीचा, आणि शेवटी ते वाक्य: 'लेखणी मोडता येते, लिहिलेलं मोडता येत नाही.' अकरा ओळी. कुठे अडखळले नाही. डोळे उघडले तेव्हा लेकीच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि धाकटे मालक पाय हलवायचे थांबले होते. "हे शेवटचं वाक्य फलकावर," ते म्हणाले. लेकीने नाक पुसलं आणि म्हणाली, "बाबा दरवर्षी त्या दिवशी हेच म्हणत असणार मग. भिंत पडली त्या तारखेला पुस्तक काढायचे, ते पान उघडायचे, फुलावर बोट ठेवायचे आणि पुटपुटायचे. मध्ये मध्ये थांबायचे. मी लहानपणी समजायचे देवाचं काही म्हणतायत." थांबायचे का, असं मी विचारलं. हो म्हणाली, थोडं म्हणायचे, थांबायचे, कुणी काही बोलतंय का ते ऐकल्यासारखे, मग पुढचं. माझ्या अंगावर काटा आला. मला तो आनंदाचा वाटला.

नवीन आवृत्तीचं प्रूफ मीच वाचलं, दुसरं कोण वाचणार? एकशे बाराव्या पानावर फुलाआधीचं वाक्य होतं, 'मग त्याने वही उघडली.' फुलानंतरचं होतं, 'वर्गात कोणीच उत्तर दिलं नाही.' मध्ये आता माझ्या, म्हणजे मास्तरांच्या, अकरा ओळी. एक बारीकशी अडचण आली. बाकी सगळी पानं जुन्या आवृत्तीबरहुकूम, ओळीला ओळ बसवलेली होती, फक्त इथून पुढे मजकूर सात ओळींनी खाली सरकला. संगणकावरची मुलगी म्हणाली, "बाई, फूल काढून त्याच जागेत ओळी घातल्या ना? मग जास्त कशा झाल्या?" मी म्हटलं, "अगं, जुन्या खिळ्यांचं माप वेगळं असतं." आणि पुढच्या दोन पानांतली जागा आवळून सात ओळी जिरवल्या. प्रूफ वाचणारा माणूस वाचत नाही, तपासतो. हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. अर्थाच्या नादी लागलात तर चूक निसटते. मी आयुष्यभर कुणाच्या अर्थाच्या नादी लागले नाही. खाली 'छापण्यास हरकत नाही' लिहिलं आणि या वेळी सही माझी केली.

समारंभ सकाळी अकराला होता. सभागृहात वर पंखे, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टेजवर ते वाक्य हातभर अक्षरांत. लेखक मंडळी आली होती, एकमेकांना मिठ्या मारत होती. दाराशी पुस्तकांची टेबलं, त्यांच्यावर पोरं झुंबड करून उभी, कोणी जमिनीवरच बसून वाचायला लागलेलं. एरवी मला असं दृश्य पाहिलं की भरून येतं. पुस्तकात नाक खुपसलेलं माणूस मला जगात सगळ्यात सुंदर वाटतं, अजूनही. मी दुसऱ्या रांगेत बसले, आणि माझ्या शेजारी सुनेचा हात धरून एक म्हातारा येऊन बसला. डोळ्यांवर जाड भिंगं, बोटांची टोकं काळी. शिशाचा काळा रंग, तो जन्मात जात नाही. ते आमचे जुळारीबुवा होते. खिळे लावायचे तळमजल्यावर, छापखाना बंद झाल्यापासून दिसले नव्हते. मी हात हातात घेतला, त्यांनी आवाजावरून ओळखलं. सुनेने पुस्तक आदल्या दिवशीच दुकानातून आणलं होतं. ते म्हणाले, "हिने वाचून दाखवलं काल. छान आहे हो. पण बाई, हे ते नव्हे."

"ते नव्हे म्हणजे?" मी म्हटलं.

"तुमच्या चिठ्ठीवर चार ओळी होत्या. चार ओळी काढा, असं. मी चार ओळींचं फूल शोधलं, दोन ओळींची पुष्कळ होती, चारचं एकच होतं. अकरा ओळी गेल्या असत्या तर अर्धं पान उघडं पडलं असतं की. फुलाने कसं भागलं असतं?"

मी म्हटलं, "बुवा, तीसपस्तीस वर्षं झाली. विसरला असाल."

"डोक्याने विसरलो असेन, बोटं विसरत नाहीत." त्यांनी मांडीवर बोटं हलवली, खिळे उचलल्यासारखी. "आणि वाक्यं नव्हतीच ती. नावं होती. पोरांची नावं, एकापुढे एक, नऊ. हजेरी घेतल्यासारखी. प्रत्येकापुढे जरा मोकळी जागा सोडायला सांगितली होती मास्तरांनी, स्वतः खाली येऊन. म्हणाले होते, बुवा, उत्तराला जागा ठेवा."

मग त्याने वही उघडली. वर्गात कोणीच उत्तर दिलं नाही. अरे देवा! अगं सटवे, पस्तीस वर्षं ही दोन वाक्यं तुला पाठ आहेत, आणि मध्ये काय असणार हे तुला कळलं नाही? मास्तर फुलावर बोट ठेवून पुटपुटायचे, थांबायचे, ऐकायचे, पुढचं नाव घ्यायचे. मी ती नावं वाचली होती. वाचली कसली, तपासली होती. वेलांट्या पाहिल्या, काने पाहिले, हस्तलिखिताशी ताडली, बरोबर आहे अशी खूण केली आणि मग आडवी रेघ मारली. नऊ मुलांवर एकच रेघ पुरली. मग ती जागा मला सोसवेना म्हणून मी तिच्यात पदरचं घालत गेले, भाचीला सांगताना एक ओळ, बैठकीत दुसरी, टाळ्या पडल्या तिथे तिसरी. घशात उभी भिंत म्हणे! मास्तर असलं वाक्य कधी लिहितील का? अख्ख्या कादंबरीत त्या माणसाने एक उपमा दिलेली नाही. मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं, आणि मी तरीही डोळे मिटून म्हणत होते. "बुवा," मी म्हटलं, "एखादं आठवतं? एक तरी?" ते बराच वेळ मांडीवर बोटं हलवत राहिले. मग म्हणाले, "आम्ही उलटी अक्षरं लावणारे बाई. वाचणाऱ्या तुम्ही होता."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी वर जाऊन तो भाग वाचून दाखवायचा होता, कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं होतं, मीच तपासलेलं. पायऱ्या चढताना मी ठरवलं, सांगून टाकायचं. एवढे सगळे बसलेत स्वातंत्र्याच्या नावाने, त्यांच्यासमोर नाही सांगायचं तर कुठे? लोकहो, हे मास्तरांचं नाही, हे माझं आहे, एका भित्र्या बाईचं. पुस्तक हातात घेतलं. 'मग त्याने वही उघडली,' असं वाचलं आणि थांबले. मी शोधत होते. एक नाव, पहिलं अक्षर, मुलगा की मुलगी, काहीही. पुढच्या रांगेत लेक बसली होती, वडिलांची जुनी प्रत छातीशी धरून, आणि तिचे ओठ आधीच हलत होते. तिला पाठ झाल्या होत्या माझ्या अकरा ओळी. हे तिच्याकडून काढून घेऊन मी तिला काय देणार होते? रिकामी वही? असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. पंधरा मिनिटांत रेघ मारली तेव्हाही असंच काहीतरी चांगलंसं म्हटलं होतं. आणि मी वाचलं. स्वच्छ, खणखणीत, एकही शब्द न गाळता. शेवटच्या वाक्याला लोक उठून उभे राहिले. टाळ्या इतक्या वाजल्या की पुढचं वाक्य, वर्गात कोणीच उत्तर दिलं नाही, हे मला वाचताच आलं नाही.

समारंभाला आठवडा झाला, आज सकाळी मी ऑफिसात लवकर आले. वाटलं होतं, ती नावं कुठे ना कुठे सापडतील. फोन करून पाहिले. शाळा कधीच बंद पडली, हजेरीपट खटल्यात जमा झाला तो झालाच, जुन्या खटल्यांचे कागद दहा वर्षांनी नष्ट करतात असं कोर्टातला कारकून म्हणाला, बिचारा सौजन्याने बोलला. मजुरांची बिऱ्हाडं कुठे गेली ते कोण सांगणार? म्हणून तर मास्तरांनी ती नावं पुस्तकात ठेवली होती. पुस्तकातून ती कोण काढणार, असं वाटलं असेल त्यांना. मग खणातून जुनी प्रत काढली आणि फुलावर पट्टी ठेवली. चार ओळी. पस्तीस वर्षांत एकदा पट्टी ठेवावीशी वाटली नाही मला. आणि ते फूल निदान जागा धरून तरी होतं. नव्या आवृत्तीत मी तेही काढलं.

पेन्सिलीला टोक केलं. कोरा कागद घेतला आणि वर लिहिलं, शुद्धिपत्र. खाली चार रकाने आखले, पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध, अशी शुद्धिपत्रं मी शेकड्यांनी केली आहेत. पान एकशे बारा. अशुद्धच्या रकान्यात अकरा ओळी उतरवल्या, फार वेळ लागला नाही, पाठच आहेत. शुद्धच्या रकान्यात एकापासून नऊपर्यंत आकडे घातले, एकाखाली एक, प्रत्येकापुढे मोकळी जागा. धाकटे मालक खुशीत आत आले. आवृत्ती संपत आली होती, पुन्हा छापायचं म्हणत होते. माझ्या खांद्यावरून त्यांनी कागद पाहिला. "आता काय राहिलं बाई? एकही चूक कुणाला सापडली नाही."

"नऊ नावं राहिली," मी म्हटलं.

"बरं, घालू की. सांगा ना," ते म्हणाले, आणि लिहून घ्यायला त्यांनी खिशातून पेन काढलं. टोपण उघडून ते उभे राहिले, आणि मी पहिल्या आकड्यापुढच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.